काच खाली झाली की

लोणावळ्यात जुन्या हायवेवर पेट्रोल पंपाच्या पुढे रस्ता जरा रुंद होतो. तिथे पूर्वी काही माणसं हातात किल्ल्यांचे जुडगे घेऊन उभी असायची. मुंबईकडून गाडी येताना दिसली की ती हात वर करून किल्ल्या हलवत. ओरडायची गरज नसे. किल्ल्यांचा आवाज काचेआड जातही नसेल, पण हलणारा हात बघून गाडीतल्यांना कळायचं की इथे राहायला बंगला मिळेल. त्या माणसांमधले एक माझे वडील.

पप्पा ज्या बंगल्याच्या किल्ल्या हलवत, तो आमचा नव्हता. मालकीणबाई मुंबईला राहत आणि बंगल्याची सगळी देखभाल पप्पांकडे होती. आम्ही मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहायचो. पुढे मोठी बाग, जांभळाचं झाड आणि व्हरांड्यात लोखंडी साखळ्यांचा झोपाळा. पाहुणे नसले की तो झोपाळा माझा, पाहुणे आले की त्यांचा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, पण मला ते फार लहानपणी कळलं होतं. मी मागच्या खिडकीतून पाहुण्यांची मुलं झोके घेताना बघत बसायची. बघत बसायची सवय मला तिथूनच लागली असावी.

पप्पा मूळचे मावळातल्या टाकवे गावचे. इतकी वर्षं लोणावळ्यात राहूनही त्यांची बोली गावाकडचीच राहिली. मी मात्र इंग्रजी शाळेत गेले. मालकीणबाईंनीच तिथे शब्द टाकला होता. शाळेची बस रोज त्या किल्ल्यांच्या नाक्यावरून जायची. ती आली की पप्पा किल्ल्यांचा हात खाली घेऊन पाठीमागे धरत आणि बस गेली की पुन्हा वर करत. याबद्दल आम्ही दोघं कधीच बोललो नाही.

नाक्याचा एक नियम होता. गाडी आली की किल्ल्या सगळ्यांनी हलवायच्या, पण एकाजवळ गाडी थांबून तिची काच खाली झाली, की ती गाडी त्याची. मग बाकीच्यांनी मागे सरायचं. भाव पाडून मध्ये बोलायचं नाही. आणि या नियमाला एक शेपूट होतं. एकदा ज्याच्याकडे पाहुणा उतरला, तो कायमचा त्याचा. पुढच्या वर्षी तोच पाहुणा चुकून दुसऱ्यापुढे थांबला, तर त्या दुसऱ्याने आधी विचारायचं, "याआधी कुणाकडं उतरला व्हता?" आणि उत्तर आलं की त्याला त्या माणसाकडे नेऊन सोडायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. भांडणं होत, पण ती पार्किंगवरून किंवा कुणी कुणाच्या पुढे उभं राहायचं यावरून. या नियमावरून झालेलं भांडण मला आठवत नाही.

पप्पांची एक खास पद्धत होती. काच खाली झाली की ते बंगल्याबद्दल काहीच बोलत नसत. आत वाकून पहिला प्रश्न, "घाटात कुणाला गाडी लागली का?" बहुतेक वेळा कुणाला तरी लागलेली असायचीच. मग पप्पा खिशातून आवळ्याच्या वाळवलेल्या फोडी काढून त्या मुलाच्या हातावर ठेवत. बंगल्याचं बोलणं त्यानंतर.

नाक्यावर एकच बाई उभी राहायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, पप्पासुद्धा. तिचं घर नाक्याला लागूनच होतं आणि घरामागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या होत्या. नवरा गेल्यावर तिने त्या खोल्यांवर दोन मुलींची लग्नं केली. तिच्या किल्ल्यांना लाल लोकर बांधलेली असे, लांबून दिसावी म्हणून. मी तिला घाबरायची, कारण ती मला बोलायला लावायची.

मी कॉलेज संपवून पुण्याहून परत आले तेव्हा नाका निम्मा रिकामा झाला होता. लोक घरूनच फोनवर बंगला ठरवून निघत. गाड्या तेवढ्याच यायच्या, पण वेग कमी न करता पुढे जायच्या. शनिवार-रविवार कसेबसे निघत. सोमवार ते शुक्रवार पप्पा नुसते किल्ल्या हलवून यायचे.

त्या पावसाळ्याच्या शेवटी मालकीणबाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "मुलगा म्हणतोय, एका कंपनीला चालवायला देऊ या. त्यांचं सगळं ऑनलाइन असतं. मी त्याला दिवाळीपर्यंत थांब म्हटलंय. अधल्यामधल्या दिवशी बंगला भरलेला दिसला, तर मला त्याच्याशी बोलता येईल." पप्पा "व्हय बाई, व्हय बाई" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी जुडगा खिशातून काढला, खुंटीला अडकवला आणि पुन्हा काढून खिशात घातला.

मी ऑनलाइन मार्केटिंगचा एक कोर्स केला होता. तो करण्याचं खरं कारण असं की त्यात कुणाशी तोंडाने बोलावं लागत नाही. समोर माणूस असला की माझे शब्द हरवतात आणि फोन वाजला की मी तो वाजू देते. लिहिताना मात्र मला सगळं सुचतं. मी पप्पांना म्हटलं, आपण बंगल्याची वेबसाइट करू या.

"त्यानं काय व्हईल?"

"लोक घरूनच निघताना ठरवतात ना, मग घरीच त्यांना आपण दिसायला हवं."

"म्हंजी त्यांच्या घरात जाऊन किल्ल्या हलवायच्या." पप्पांना ते पटलं.

पहिल्या आठवड्यात मी जे केलं ते कोर्समध्ये शिकवलं होतं तसं. मोठमोठे फोटो आणि निसर्गाच्या कुशीत शांततेचा अनुभव अशा अर्थाचं इंग्रजी. पप्पांनी मला ते मराठीत सांगायला लावलं. शेवटपर्यंत ऐकून ते म्हणाले, "चांगलं हाय. गरम पानी कुटं लिवलंय?" आई हसली, मीही हसले.

साइटवर किती माणसं आली याचा आलेख मी पप्पांना रोज दाखवायची. लोक येत होते. ठाण्याहून, नाशिकहून, एकदा तर दुबईहूनही. पण क्षणभर थांबून निघून जात. मी सांगितलं, "आले आणि काही न विचारता गेले." पप्पा म्हणाले, "आपल्याकडं बी असंच. गाडी हळू करत्यात, बघत्यात, आन् काच न उघडता जात्यात. जाऊंदे, पुढची ईल."

मग मी दुपारी पप्पांचा डबा घेऊन नाक्यावर जायला लागले. डबा हे निमित्त. मला ऐकायचं होतं, की काच खाली केल्यावर माणसं सगळ्यात आधी काय विचारतात. मी दगडावर बसून मोबाइलमध्ये ते टिपून घ्यायची. गाडी आत लावता येते का. आजींना जिने चढावे लागतील का. कुत्रा आणलाय, चालेल? भाकरी मिळेल का? गॅलरीला कठडा आहे ना?

मावशीने मला पहिल्याच दिवशी पकडलं. "काय गं, आज मॅडम रस्त्यावर? कंप्युटर बंद पडला का काय?"

"नाही मावशी, सहज बसलेय."

"बस की. पर तोंड असं करून बसू नको. गिऱ्हाईक म्हनंल, हिला बंगल्यात कोंडून ठिवत्यात."

पप्पा म्हणाले, "मावशी, ती अभ्यास करतीय. लोक काय इचारत्यात त्याचा."

"त्याला अभ्यास लागतो व्हय?" मावशी माझ्याजवळ येऊन बसली. किल्ल्या मांडीवर ठेवल्या. "मला सांग, तुझ्या त्या साइटीवर कुनाची गाडी कुनाची, हे कोन बघतं?"

मी जरा विचार करून म्हटलं, "जो वर दिसतो त्याची."

"वर म्हंजी?"

"शोधल्यावर यादी येते ना, त्यात जो पहिला दिसतो त्याची."

"मंग मी तर यादीतबी न्हाई," मावशी म्हणाली आणि समोरून गाडी येताना बघून उठली. गाडी थांबली नाही.

मी साइटवरचा मजकूर सगळा काढून टाकला. त्या जागी लोकांचे प्रश्न आणि त्यांची साधी उत्तरं लिहिली, मराठीत आणि इंग्रजीत. गरम पाणी सकाळी मिळतं, संध्याकाळी बंब पेटवावा लागतो. जिना नाही, सगळ्या खोल्या खालीच. कुत्रा चालेल, पण आमच्या मांजरीला चालत नाही. फोटोही बदलले. झोपाळ्याचा फोटो मी मागच्या खिडकीतून काढला, लहानपणी मला दिसायचा तसा. तेव्हापासून साइटवर माणसं जरा थांबायला लागली. मेसेज यायला लागले आणि मी प्रत्येकाला लगेच उत्तर द्यायची. दोन-तीन रविवार भरले. मधले दिवस मात्र रिकामेच जात होते.

दिवाळीच्या थोडं आधी ठाण्याच्या एका बाईंचा मेसेज आला. तीन कुटुंबं, मंगळवार ते शुक्रवार, मुलांना मोकळी जागा हवी, झोपाळा फार आवडला. मी तो मोठ्याने वाचून दाखवला. मोठ्याने काही वाचायची मला सवय नाही, पण त्या दिवशी वाचला. आईने लगेच गाद्या उन्हात टाकायच्या म्हणून कपाट उघडलं. पप्पांनी विचारलं, "आधी लोनावळ्यात कुनाकडं उतरल्यात का, ते इचारलंस?"

"ऑनलाइन असं कुणी विचारत नाही, पप्पा."

"तू इचार."

मी विचारलं. उत्तर लगेच आलं. 'हो, आम्ही दर वर्षी नाक्याजवळच्या एका मावशींकडे उतरायचो. किल्ल्यांना लाल लोकर असायची. माझा फोन बिघडला आणि नंबर गेला. त्या आता तिथे आहेत की नाहीत कोण जाणे. खूप शोधलं, त्या ऑनलाइन कुठेच नाहीत, तुमची साइट सापडली. तुमची बाग बघून मुलं खूश आहेत, आपण ठरवूनच टाकू.'

हे मात्र मी हळू वाचलं. लाल लोकर आल्यावर पप्पांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "ही गाडी मावशीची."

आई कपाटापाशीच उभी होती. "अहो, त्यांनीच आपल्याला शोधलंय. आपण कुठं ओढून आणलंय? आणि दिवाळी तोंडावर आलीय. मालकीणबाईंना काय सांगणार?"

"बाईंला काय सांगायचं त्ये सांगू. उद्या सकाळी मी नाक्यावर कुटं उभा ऱ्हाऊ, त्ये तू सांग."

"मावशींना कळणारसुद्धा नाही," मी म्हटलं.

"पोरी, त्या गाड्या तिच्या दारावरनंच येनार. त्यांची पोरं काचंतनं तिला हाक मारतील. मंग मी काय करू, पाठ करून उभा ऱ्हाऊ?"

मला ती पाठ दिसली. बस येताना किल्ल्या पाठीमागे धरलेले पप्पा दिसले. मी मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेले.

कोर्समध्ये आम्हाला शिकवलं होतं की आलेला ग्राहक सोडायचा नाही. त्याला कसं धरून ठेवायचं याचे दहा मार्ग होते. त्याला दुसरीकडे पाठवायचं कसं, ते कुठेच नव्हतं. मी झोपाळ्यावर बसून कितीतरी वेळ लिहीत आणि खोडत होते. शेवटी लिहिलं, 'आमच्याकडे त्या दिवसांत जागा आहे. पण तुम्ही मावशींच्या पाहुण्या. त्या अजून तिथेच आहेत. हा त्यांचा नंबर.'

मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आणि फोन वाजला. मी तो वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. आई दारातून बघत होती. मी उचलला.

"तुम्ही खरंच त्याच मावशी म्हणताय का? ठेंगण्या, आणि मुलांना 'ए टोळधाड' म्हणायच्या?"

"हो. त्याच."

"आणि तुमच्याकडे जागा असून तुम्ही मला तिकडे पाठवताय?"

मला वाटलं होतं की माझे शब्द हरवतील. पण सांगायचं फार थोडं होतं. "आमच्या नाक्यावर असंच असतं," मी म्हटलं. पलीकडे त्या हसल्या. कशाला हसल्या ते मला अजून नीट कळलेलं नाही, पण ते हसणं चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशी बंगल्याच्या फाटकातूनच ओरडत आली. "भाऊ, कुनी सांगितलं व्हतं ह्या पोरीला माझा नंबर वाटायला? तीन बिऱ्हाडं येत्यात! दोन खोल्यांत काय माळ्यावर टांगू व्हय त्यांना?"

पप्पा म्हणाले, "मागं बी तीन येत व्हती की."

"तवा पोरं एवढुशी व्हती. आता घोडी झाली असतील. एक बिऱ्हाड तुमी ठिवून घ्या." मग माझ्याकडे वळून जरा खालच्या आवाजात म्हणाली, "टोळधाड म्हनली व्हय गं ती? आठवन हाय तिला?"

एक कुटुंब आमच्याकडे राहिलं. त्यांची मुलं झोपाळ्यावर बसली आणि बाकीची मुलं दिवसभर दोन्ही घरांच्या मध्ये धावत राहिली. मावशीने सगळ्यांसाठी तिच्या अंगणात चुलीवर भाकऱ्या केल्या. इंद्रायणीचा भात आईने केला. पप्पा त्या तीन दिवसांत नाक्यावर फारसे गेले नाहीत. ते मला फार दिवसांनी इतके बोलताना दिसले.

पण मालकीणबाईंच्या मुलाला दाखवायला एवढं पुरलं नाही. दिवाळी झाल्यावर कंपनीची माणसं आली. ती वाईट नव्हती. त्यांनी पप्पांना बागेच्या कामावर ठेवलं, आमच्या दोन खोल्याही राहू दिल्या. सगळ्या दारांना त्यांनी आकड्यांची कुलुपं बसवली. पाहुण्याच्या फोनवर नंबर येतो, तो दाबला की दार उघडतं. पप्पांनी जुडगा पुढे केला तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "काका, आता याची गरज नाही. ठेवा तुमच्याकडेच." पप्पांनी तो ठेवला. सकाळी बागेला पाणी घालतानाही तो त्यांच्या खिशात वाजायचा.

माझी साइट आता बिनबंगल्याची झाली होती. मी ती बंद करणार, इतक्यात मावशी आली. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "माझ्या खोल्यांचं फोटू काढलेत. टाक तुझ्या यादीत. पर गरम पानी वर लिव, आन् कुत्रं चालनार न्हाई म्हन. मी कुत्र्याला भेते, हे लिवू नको." मग नाक्यावरचे बाकीचे आले. पुढे कामशेतहून, वडिवळे धरणाच्या बाजूच्या घरांतूनही फोन यायला लागले. ते फोन मी उचलते. अजूनही एकदा वाजू देते, पण उचलते.

नाका आता नाही. तिथे एका कॉफीच्या दुकानाचं पार्किंग आहे. तिथून जाताना मी नेहमी उगाच डावीकडे बघते आणि मला हलणारे हात आठवतात. लाल लोकर, आवळ्याच्या फोडींचा वास, थांबता थांबता न थांबलेल्या गाड्या. तेव्हा मला तिथून लांब जायची घाई असायची.

साइटवर चौकशीचा मेसेज लिहायला गेलं की आधी एक प्रश्न येतो. 'याआधी लोणावळ्यात किंवा मावळात कुणाकडे उतरला होतात का?' जाणकार सांगतात की असा एकेक प्रश्न वाढवला की ग्राहक कंटाळून निघून जातात. ते खरं आहे, आलेखात मला ते दिसतं. तरी मी तो प्रश्न काढलेला नाही. लोकांना नावं आठवत नाहीत, ते भलतंच काहीतरी लिहितात. दारात फणस होता. काकू दुपारी रेडिओ लावायच्या. संध्याकाळी मी पप्पांना ती उत्तरं वाचून दाखवते आणि ते बरोबर घर सांगतात.

या जानेवारीत एका तरुण मुलाने लिहिलं, 'आम्ही लहान असताना यायचो. जांभळाचं झाड आणि झोपाळा असलेला बंगला होता. एक काका रस्त्यावर किल्ल्या हलवत उभे असायचे, मला आवळा द्यायचे. ते अजून असतात का? या वेळी माझी बायको आणि छोटी मुलगी बरोबर आहे.'

पप्पांनी ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "माझी गाडी हाय. पर उतरवू कुटं?"

मी मावशीला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. तिने मला नीट ऐकूनही घेतलं नाही. "भाऊंना सांग, गिऱ्हाईक तुमचं. खोल्या तेवढ्या माझ्या. चादरी धुवायला टाकते."

मी त्या मुलाला मावशीच्या घराचा नकाशा पाठवला होता. वाटेत कुठे थांबायची गरज नव्हती, हे मी पप्पांना सांगितलंही. त्यांनी ऐकलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला. मी त्यांच्याबरोबर गेले. ते पार्किंगच्या कडेला, पूर्वीच्याच जागी उभे राहिले. ज्यांनी आता कुठलंच दार उघडत नाही त्या किल्ल्या त्यांनी खिशातून काढल्या. मी शेजारीच उभी होते. पांढरी गाडी वळणावर दिसली तसा त्यांनी हात वर केला.

गाडी हळू झाली, थांबली. काच खाली गेली. पप्पा आत वाकले.

"घाटात कुणाला गाडी लागली का?"